अनुभव सांगा: रंग न खरवडता गाडीवरची डबल टेप कशी काढली?

गाडीच्या चारही दारांवरचे व्हायझर (खिडकीच्या वरच्या कडेला पाऊस अडवायला लावतात त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) काढायचे आहेत. एक मधोमध तडकलाय, बाकीचे धुरकट झालेत. व्हायझरची मला फिकीर नाही, काढताना तुटला तरी चालेल. खालचा रंग मात्र आहे तसाच राहायला हवा. सगळे जाड काळ्या डबल टेपवर बसवलेले आहेत आणि टोकाशी नख घालून ओढलं तर टेप तसूभरही हलत नाही.

शोधायला गेलं तर सल्ल्यांना तोटा नाही. एक जण पेट्रोल लावा म्हणतो, दुसरा पेट्रोलचं नावही काढू नका म्हणतो. म्हणून ऐकीव उपाय नकोत, स्वतः केलेलं सांगा. टेप कुठे होती, खालचा रंग कंपनीचा होता की नंतर मारलेला, काय वापरलं आणि शेवटी पत्र्यावर काय उरलं? डिकीवरचे लोगो, दारांच्या पट्ट्या, स्पॉयलर, काहीही चालेल. फसलेले प्रयोगही येऊ द्या.

*

डिकीवरची मॉडेलच्या नावाची अक्षरं मी घरी काढली. रंग कंपनीचा, पॅनल कधीही दुरुस्त न झालेलं. जरा सविस्तर लिहिते, कारण मला हवी ती माहिती एका जागी मिळाली नव्हती.

सगळ्यात आधी धुणं. अक्षरांच्या खाचांमध्ये धुळीचे कण दडलेले असतात. ते तसेच ठेवून दोरा ओढला तर रंगावर ओरखडे टेप नाही, ते कण काढतात. जुना मऊ ब्रश आणि शाम्पूचं पाणी घेऊन खाचा साफ केल्या, मग कोरडं केलं.

मग साधा हेअर ड्रायर, वीतभर अंतरावरून, सतत हलता. किती तापवायचं? पत्र्यावर तळहात टेकवता येतो पण फार वेळ ठेववत नाही, इतकं. साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास. तेवढ्यात टेपचा फोम नरम पडतो. हीट गन माझ्याकडे होती, पण ती मी जाणूनबुजून घेतली नाही. तिच्या तोंडाशी कित्येक शे अंश तापमान असतं आणि एका जागी क्षणभर जास्त रेंगाळली की क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, फोड येतात.

नंतर तंगूस. गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा, त्यातला विणलेला प्रकार गुळगुळीत दोऱ्यापेक्षा चांगला कापतो. दोन्ही टोकं पेन्सिलींना गुंडाळली, नाहीतर बोटं कापतात. अक्षराच्या मागे घालून करवतीसारखं पुढेमागे, पण जोर कायम अक्षराच्या बाजूला, रंगाच्या बाजूला नाही. दातांचा फ्लॉस लहान अक्षरांना पुरला, रुंद लोगोला मात्र सारखा तुटत राहिला.

अक्षरं निघाली तेव्हा काम संपल्यासारखं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं, कारण अर्धी टेप रंगावरच असते. ती पुन्हा कोमट करून कडेने अंगठ्याने वळकटी करत सोडवली आणि मिळालेलं टोक मागे दुमडून, पत्र्याला जवळजवळ समांतर ठेवून, अगदी सावकाश ओढत नेलं. इथे सगळा खेळ वेगाचा आहे. हा गोंद धड घन नाही, धड द्रव नाही. हळू ओढला तर ताणत ताणत सुटतो. हिसका दिला की कडक होतो, मग एक तर टेप तुटते किंवा सगळा ताण रंगावर जातो.

शेवटचा चिकट थर लिंबूवर्गीय तेलाच्या रिमूव्हरने काढला. त्याआधी ड्रायर बंद करून लांब ठेवला, हे द्रव पेट घेणारे असतात. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कपडा काही मिनिटं नुसता ठेवायचा, मग पुसायचं. घासून घासून काढणारे घाई करतात असं माझं मत.

*

ड्रायरसुद्धा लागत नाही. गडद रंगाची गाडी दुपारभर उन्हात उभी करा, पत्रा आपोआप तापतो आणि संपूर्ण पट्टी सारखी तापते, ड्रायरने होते तशी एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला गार नाही. दारावरची लांब मोल्डिंग मी अशीच काढली. फक्त रिमूव्हरचं काम सावलीत करा. तापलेल्या पत्र्यावर तो गोंद सुटायच्या आत उडून जातो.

*

मी डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहे. वरच्या ताईंची पद्धत बरोबर, पण ती कंपनीच्या रंगाला. धागाकर्त्याने रंग कोणाचा ते विचारलंय, त्याचं कारण सांगतो.

कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असताना रंग भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजतात. आमच्याकडे येते ती पूर्ण गाडी. वायरिंग, प्लॅस्टिक, रबर सगळं जागेवर. तिला बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच भाजता येतं, म्हणून रंगही वेगळ्या रसायनाचा असतो. नीट घासून, नीट प्रायमर मारून केलेलं काम टिकतं. पण खालचा थर न घासता वर क्लिअर मारलेला असेल तर त्या क्लिअरची पकड टेपच्या पकडीपेक्षा कमी असते. मग टेप ओढली की पोपडा टेपबरोबर येतो. लोक टेपला शिव्या देतात.

ओळखायचं कसं? आमच्याकडे जाडी मोजायचं मीटर असतं. कंपनीचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. आकडा २०० च्या वर गेला की संशय घ्यायचा, पुट्टी असेल तर त्याहून कितीतरी जास्त दाखवतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे नेहमीचं मीटर चालत नाही. मीटर नसेल तर दाराची रबर बीडिंग मागे करून बघा, मास्किंगची रेघ किंवा रंगाचा फवारा सापडतो का. उजेडात तिरकं बघितलं तर शेजारच्या दोन पॅनलवरचे संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे वेगळे दिसतात.

पुन्हा रंगवलेलं पॅनल असेल तर माझा नियम: ओढायचं नाही, कापायचं. तंगूसने फोम मधोमध कापून वरची वस्तू काढा. खालचा फोम ओढून काढायचा मोह सोडा, त्याला कडेकडेने रिमूव्हर पाजा, फुगून मऊ झाला की प्लॅस्टिकच्या पट्टीने ढकला. वेळ जाईल. नवीन रंगवलेली गाडी असेल आणि रंग पुरता वाळलेला नसेल तर काही आठवडे थांबा, टेप काही पळून जात नाही.

*

वरच्या दादांचं वाचून आता उलगडा झाला. आमची गाडी जुनी घेतलेली. ‘एकाही पॅनलला हात लागलेला नाही’ असं विकणाऱ्याने ठासून सांगितलं होतं. मागच्या दाराची पट्टी सोडवायला घेतली तर तळहाताएवढा क्लिअर कोट कागदासारखा उचलून आला. खाली पांढरी पुट्टी. पट्टी काढणं राहिलं बाजूला, गाडीचा इतिहास कळला.

*

आधी टेप कोणती ते बघा. माझ्याकडे स्वस्तातल्या पांढऱ्या फोम टेपवर चिकटवलेले दरवाज्याचे एज गार्ड होते. त्या टेपचा फोम उन्हाने भुरभुरीत झालेला, बोट लावलं की पीठ पडायचं. दोरा, ड्रायर काही लागलं नाही. रबर गोंदाचा पिवळट चिकटा उरला, तो रॉकेलच्या बोळ्याने लगेच विरघळला.

त्याच उत्साहात रॉकेल घेऊन भावाच्या गाडीच्या लोगोकडे गेलो. तिथे राखाडी, रबरासारखी लवचिक टेप होती. रॉकेलने तिला ढिम्म फरक पडला नाही.

*

तुमच्या भावाच्या गाडीवरची अ‍ॅक्रिलिक फोमची असणार. थ्रीएमने व्हीएचबी नावाने ही जात १९८० मध्ये बाजारात आणली, आता बऱ्याच कंपन्या बनवतात. हिच्यात फोम आणि गोंद दोन्ही अ‍ॅक्रिलिकचे, त्यामुळे ऊन-पाऊस झेलूनही भुरभुरत नाही. दुसरं म्हणजे तिची पकड लावल्यावर वाढत जाते. सामान्य तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण पकडीला ७२ तास. म्हणून वाकडं बसलेलं स्टिकर किंवा लोगो ‘उद्या सरळ करू’ म्हणून सोडू नये, त्याच मिनिटाला काढावा.

नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोलही अशा टेपवर फारसं चालत नाही. ते शेवटी तेलकटपणा पुसायला ठीक. थिनर आणि अ‍ॅसिटोन मात्र रंगाजवळ आणूच नका. गोंद विरघळेल, पण रंगही मऊ पडेल, खास करून वर्कशॉपमध्ये मारलेला.

*

रबराच्या चाकाबद्दल कोणीच लिहिलं नाही? ड्रिलला लावायचं खोडरबरासारखं चाक मिळतं. टेप घासून तिच्या वळकट्या पाडतं, द्रव लागत नाही. स्पॉयलर काढल्यावर डिकीभर पसरलेली टेप मी त्यानेच काढली आणि पुन्हा हाताने करणार नाही. ड्रिलचा वेग कमी ठेवायचा, चाकावर लिहिलेल्या कमाल फेऱ्यांच्या बराच खाली. चाक सतत हलतं ठेवायचं आणि मध्ये मध्ये पत्र्याला हात लावून बघायचा. घर्षणाने तापतं ते रंग भाजतं.

*

चाकाला माझा विरोध आहे. (पुन्हा मीच, पेंटिंगवाला.) आमच्याकडे रोज वापरतो, पण ज्याने आयुष्यात ड्रिल फक्त भिंतीत मारलंय त्याच्या हातात पॅनलच्या कडेवर हे चाक म्हणजे क्लिअर कोटची सुट्टी. कडेवर रंग मुळात पातळ असतो. सपाट भागावर, आधी भंगाराच्या पॅनलवर हात बसवून, मगच.

*

धागाकर्ता: एक शंका. तंगूस फिरवताना खालचा रंग घासला जात नाही का? आणि व्हायझर दाराच्या चौकटीच्या वळणावर आहे, तिथे पेन्सिल धरायला जागा नाही.

*

मास्किंग टेप लावा. व्हायझरच्या कडेने चौकटीवर दोन थर, मग दोरा चुकून टेकला तरी टेपवर टेकेल. वळणावर दोरा लहान घ्या आणि एक टोक काचेच्या बाजूने आत, दुसरं बाहेर. काच पूर्ण खाली करून दार उघडं ठेवलं तर हात मावतो. तुमचा व्हायझर फेकायचाच आहे, मग त्याचे तुकडे करून काढा. लांब पट्टी एकसंध सोडवण्यापेक्षा वीतवीतभराचा तुकडा सोडवणं सोपं. तुकडे करायला ब्लेड मात्र नको, कात्री व्हायझरच्या बाहेरच्या कडेने आत चालवा.

*

माझ्याकडे टेप सुंदर निघाली, पण अक्षरांची सावली राहिली. लाल गाडी, बरीच वर्षं उन्हात उभी. अक्षरांखालचा रंग गडद, भोवतीचा फिका. आधी वाटलं गोंद उरलाय, म्हणून रिमूव्हर मारत बसले. बोटाने चाचपलं तर अगदी गुळगुळीत. मग कंपाउंड (रंग किंचित घासणारी पेस्ट) आणि नंतर पॉलिश, फक्त भोवतीच्या भागावर. मळाची कड गेली, फिकटपणा बराच उजळला, पण तिरक्या उन्हात नाव अजून वाचता येतं. रंगच उडालेला असेल तर पॉलिश किती करणार! क्लिअर कोट दरवेळी थोडा झिजतोच, म्हणून मी तिथेच थांबले.

*

मॅट रंगवाल्यांनी वरचा प्रतिसाद वाचून पॉलिश हातात घेऊ नये. जिथे घासाल तिथे चकाकता डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. मॅटवर दोरा आणि दाब न देता टिपलेलं रिमूव्हर, एवढंच. रॅप किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवलेली रंगीत किंवा पारदर्शक संरक्षक फिल्म) असेल तर टेप ओढताना ती फिल्मच उचलली जाते. प्लॅस्टिकच्या बंपरला उष्णता आणखी कमी द्या, पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक एका जागी साठवतं आणि आकार सोडतं. सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर रिमूव्हर आणि पॉलिशनंतर त्या जागी कोटिंग पुन्हा करावं लागू शकतं.

*

पुन्हा त्याच जागी नवीन व्हायझर बसवणार असाल तर लिंबू तेलाचं रिमूव्हर किंवा रॉकेल वापरल्यावर एक तेलकट पापुद्रा राहतो. आधी शाम्पूने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धंअर्धं घेऊन पुसा, दरवेळी कपड्याची नवी बाजू. मेण लावायचं असेल तर टेपच्या जागेवर लावू नका. माझा पहिला नवा व्हायझर याच तेलामुळे पावसात लोंबायला लागला. बसवल्यावर कडेने जोर देऊन दाबा. ही टेप दाबानेच पकडते, नुसती टेकवून भागत नाही.

*

लोगो काढणाऱ्यांसाठी अजून एक. काही लोगोंना मागे प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्या असतात आणि त्या पत्र्यातल्या भोकांत बसतात. दोरा मध्येच अडला आणि दोन्ही बाजूंनी तिथेच अडतोय असं झालं तर करवत चालवत राहू नका, खुंटी असणार. आतून डिकीचं अस्तर काढून बघा. लोगो कायमचा काढून टाकायचा बेत असेल तर ही भोकं बुजवणं आणि पॅनल रंगवणं आलंच. भोकं उघडी ठेवली तर पाणी आत जाऊन कडेने गंज धरतो. मी खुंट्या दिसल्यावर लोगो जागेवरच राहू दिला.