ज्यू अल्पसंख्य आणि कॅथलिक बहुसंख्य : बरोबरीचा संवाद शक्य आहे का?

प्रश्न : पोलंडमध्ये कॅथलिक बहुसंख्य आहेत आणि ज्यू समाज आता अगदी थोडा उरला आहे. अशा ठिकाणचा संवाद बहुसंख्याकांच्या सौजन्यावरच अवलंबून राहत नाही का?

प्रतिसाद १ : सौजन्यापेक्षा शिकवणुकीतला बदल निर्णायक ठरला, असे मला वाटते. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंच्या माथी मारता येणार नाही, हे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. पोलंडचे चर्च १९९८ पासून १७ जानेवारीला ज्यू धर्माचा दिवसही पाळते.

प्रतिसाद २ : दिवस पाळणे सोपे आहे हो, खरी कसोटी ऑश्विट्झला, म्हणजे नाझींनी ज्यूंची सामूहिक हत्या केली त्या छावणीपाशी, लागली. छावणीला लागून असलेल्या ज्या इमारतीत पूर्वी विषारी वायूचे डबे साठवले जात, तिथे १९८४ मध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनींनी मठ थाटला. त्यांच्या लेखी ती मृतांसाठीची प्रार्थना होती, तर अनेक ज्यूंना ते आपल्या स्मृतींवरचे अतिक्रमण वाटले. मठ हलवण्याचा करार ज्यू आणि कॅथलिक प्रतिनिधींनी १९८७ मध्ये जिनिव्हात केला, तरी धर्मभगिनी निघाल्या त्या १९९३ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र लिहिल्यावर.

प्रश्नकर्ता : म्हणजे करारावर सह्या होऊनही अंमलबजावणी बहुसंख्याकांच्याच हाती राहिली.

प्रतिसाद २ : बरोबर, म्हणूनच मुदत आणि जबाबदार व्यक्ती आधीच ठरवून घ्यावी.