मदत हवी आहे: आवाजाबरोबर ॲनिमेशन जुळवताना पॉवरपॉइंट बंद पडतंय (अर्जंट)

जाईजुई
नमस्कार मंडळी, पॉवरपॉइंटला जोडलेला एक ॲड-इन आहे, त्यात आवाज आणि ॲनिमेशन सिंक करायला गेलं की सगळंच बंद पडतं. म्हणजे सिंकची खिडकी उघडते, जरा वेळ गोल गोल फिरतं आणि पॉवरपॉइंटसकट सगळं गायब, एरर नाही बिरर नाही. परत उघडलं की विचारतं हा ॲड-इन बंद करू का, एकदा चुकून हो दाबलं गेलं तर वरचा टॅबच नाहीसा झाला, तो कसा आणायचा तेही सांगा. अनइन्स्टॉल करून परत टाकून झालंय. शुक्रवारी तालुक्याला द्यायचंय. रीस्टार्ट करा म्हणून सांगू नका प्लीज.

खट्याळ पेशवा
रीस्टार्ट करून बघितलंत का? 😀

ढेकूणशोध्या
कुठला ॲड-इन? ऑफिस कुठलं, 365 का 2016 का अजून काही? 32 बिट का 64? (फाइल, अकाउंट, अबाउट पॉवरपॉइंट, तिथे वरच्याच ओळीत असतं.) आवाजाची फाइल कुठल्या प्रकारची? एकाच प्रेझेंटेशनला होतंय का कोऱ्या फाइललाही? हे कळल्याशिवाय सगळे नुसते अंदाजपंचे सांगत बसणार.

टॅब परत आणायला: फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली मॅनेज लिहिलंय तिथे आधी डिसेबल्ड आयटम्स निवडून गो, तिथे नाव दिसलं तर एनेबल करा. मग तिथेच कॉम ॲड-इन्स निवडून गो, आणि नावापुढे टिक.

तुकतुकीत
ऑफिस सोडा आणि लिब्रेऑफिस घ्या. फुकट आहे, लायसनची कटकट नाही. मी सगळी प्रेझेंटेशनं त्यातल्या इम्प्रेसमध्ये करतो, कधी बंद पडलेलं नाही.

ढेकूणशोध्या
@तुकतुकीत, त्यांचा ॲड-इन इम्प्रेसमध्ये चालणारच नाही, आणि पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची फाइल) तिथे उघडली की ॲनिमेशनचे टायमिंग इकडचे तिकडे होतात, म्हणजे शुक्रवारपर्यंत अजून एक काम वाढलं.

तुकतुकीत
ओडीपीमध्ये (इम्प्रेसच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) सेव्ह करायची सवय लावली की काही इकडचं तिकडे होत नाही.

जाईजुई
टॅब आला, थँक्यू!! ऑफिस 2021, 64 बिट. ॲड-इनचं नाव इथे लिहीत नाही, मागे एका धाग्यात कंपनीचं नाव आलं म्हणून संपादकांनी धागा वाचनमात्र केला होता. विकत घेतलेला आहे, क्रॅक वगैरे नाही. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. पाठ आठवीचा आहे, रक्ताभिसरण, बाण एकेक करून येतात आणि मी जे बोलते त्याबरोबर यायला हवेत. बाकी सगळं चालतं हो, फक्त सिंकलाच मरतं.

ध्वनिमुद्रक
मोबाइल म्हणालात तिथेच कळलं. बहुतेक फोन एम4ए करतात आणि पुष्कळ ॲड-इन्सना ते नीट पचत नाही. एमपी3 केलंत तरी व्हेरिएबल बिटरेटची करू नका, त्यात लांबीचा अंदाज चुकतो आणि बाण पुढेमागे होतात. ऑडॅसिटीमध्ये उघडा (एम4एसाठी त्याला एफएफएमपेग वेगळं टाकावं लागतं), मोनो करा, 44100 हर्ट्झ, 16 बिट वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा आणि तीच इन्सर्ट करा. शंभर टक्के चालेल.

खट्याळ पेशवा
वेव्हने फाइल किती फुगेल ते सांगा की. स्टिरिओ असेल तर मिनिटाला दहा एमबीच्या वर जातं. तालुक्याला काय पोत्यात भरून पाठवायची?

ध्वनिमुद्रक
म्हणून तर मोनो म्हणालो, निम्मी होते. माणूस एकटा बोलतोय, स्टिरिओ कशाला पाहिजे. आणि सिंकचं काम झालं की शेवटी कॉम्प्रेस मीडिया आहेच.

खट्याळ पेशवा
कॉम्प्रेस मीडिया केल्यावर मग परत सिंक बघत बसा.

ध्वनिमुद्रक
मी वर्षानुवर्षं करतोय, एकदाही हललेलं नाही. तुम्ही केलंयत का कधी, का नुसतं लिहिताय?

अक्षरधन
ताई, मराठी मजकूर श्रीलिपीत टाइप केलाय का युनिकोडमध्ये? जुन्या फाँटमध्ये असेल तर दुसऱ्या मशिनवर सगळं अगम्य दिसेल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं आणि रफार मात्र हाताने तपासावे लागतात, विशेषतः "र्‍या".

जाईजुई
@अक्षरधन, युनिकोडच आहे, फाँटचा काही प्रश्नच नाहीये.
@ध्वनिमुद्रक, केलं वेव्ह. सेम. आता तर गोल फिरतसुद्धा नाही, लगेचच बंद.

कानसेन
ब्लूटूथचा हेडफोन लावलाय का? त्याचा माइक चालू झाला की विंडोज त्याला हँड्सफ्री मोडमध्ये टाकतं, आवाज एकदम फोनवर बोलल्यासारखा होतो, आणि काही सॉफ्टवेअरं त्या बदलाने गडबडतात. हेडफोन काढा, साउंड सेटिंगमध्ये स्पीकर डिफॉल्ट करा आणि मग बघा.

जाईजुई
हेडफोन नाहीच आहे, लॅपटॉपचाच स्पीकर.

ढेकूणशोध्या
दोन गोष्टी करा. एक, कोरं प्रेझेंटेशन, एकच स्लाइड, एक गोल, त्याला एक ॲपिअर, एक छोटीशी वेव्ह. त्यातही मरतंय का बघा. दोन, मेल्यावर लगेच स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करून उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. लाल खूण असलेली, आयडी 1000 वाली सगळ्यात वरची नोंद उघडा. त्यात फॉल्टिंग मॉड्यूल नेम पुढे काय आहे आणि एक्सेप्शन कोड काय आहे ते लिहा. स्क्रीनशॉट टाकलात तर उत्तमच.

रक्तगट_ओ
विषय वेगळा आहे पण शिक्षक म्हणून सांगते. बाण करताना फुफ्फुसशिरांचा रंग बघा. सगळे जण शिरा म्हटलं की निळा बाण काढतात, पण फुफ्फुसांकडून डाव्या अलिंदात येणारं रक्त ऑक्सिजनयुक्त असतं, तो बाण लाल पाहिजे. आणि उजव्या निलयातून फुफ्फुसाकडे जाणारी धमनी असूनही निळी. परीक्षक हेच बघतात.

जाईजुई
@रक्तगट_ओ, ते बरोबर आहे माझं, पण धन्यवाद.
@ढेकूणशोध्या, कोऱ्या फाइलमध्येही मेलं. मॉड्यूलच्या पुढे ॲड-इनचंच नाव आहे, डीएलएल. कोड 0 एक्स सी, मग बरीच शून्यं आणि शेवटी 5.

ढेकूणशोध्या
म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन. मेमरीत जिथे हात घालायचा नाही तिथे घातला, साधारणपणे जी गोष्ट मिळायला हवी होती ती मिळाली नाही आणि न तपासता पुढे गेलं. कोऱ्या फाइललाही होतंय म्हणजे तुमच्या पाठाचा, बाणांचा, आवाजाचा काही दोष नाही. दोष मशिनमध्ये किंवा ॲड-इनमध्ये. हा आधी कधी चालला होता का?

जाईजुई
हो मग, जुन्या लॅपटॉपवर मस्त चालत होता की. हा नवीन आहे, मुलाने सगळं सेट करून दिलंय.

ढेकूणशोध्या
हे आधी सांगायचं ना ताई! नवीन लॅपटॉपवर काय काय वेगळं आहे?

ध्वनिमुद्रक
ग्राफिक्स ड्रायव्हर. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, डिस्प्ले, तिथे हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा. शंभर टक्के.

खट्याळ पेशवा
मगाशी वेव्हसुद्धा शंभर टक्केच होती.

जाईजुई
@ध्वनिमुद्रक, बंद केलं, काही फरक नाही. वेगळं म्हणजे... विंडोज 11 आहे, जुन्यावर 10 होतं. पोराने सगळं मराठीत करून दिलंय मला, तेवढं आवडलं.

ढेकूणशोध्या
मराठीत म्हणजे काय काय? स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून ती काळी खिडकी उघडा, त्यात "इको", स्पेस, टक्क्याचं चिन्ह, "टेम्प", परत टक्क्याचं चिन्ह, असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर करा. काय येतं?

जाईजुई
सी ड्राइव्ह, युजर्स, मग नुसते चौकोन चौकोन, मग ॲपडेटा, लोकल, टेम्प. व्हायरस आहे का????

ढेकूणशोध्या
व्हायरस नाही. 😀 चौकोन म्हणजे देवनागरी, काळ्या खिडकीला ती नीट दाखवता येत नाही. मुलाने अकाउंटचं नाव काय ठेवलंय?

जाईजुई
आईसाहेब.

खट्याळ पेशवा
मुजरा. 🙏

ढेकूणशोध्या
सापडलं बहुतेक. लोकल अकाउंट करताना जे नाव दिलं त्याच नावाचं फोल्डर विंडोज युजर्समध्ये करतं. विंडोजला, ऑफिसला त्याचं काही वाटत नाही, ते आतून युनिकोडच आहेत. पण काही ॲड-इन्सचा आवाजाचा भाग जुन्या पद्धतीने लिहिलेला असतो. तो आवाजाची एक तात्पुरती प्रत टेम्प फोल्डरमध्ये टाकतो, रस्ता वाचताना "आईसाहेब"ची प्रश्नचिन्हं होतात, असं फोल्डर अस्तित्वातच नाही, फाइल मिळत नाही, धाडकन. म्हणून तर पाठ कुठलाही घ्या, आवाज कुठलाही घ्या, सिंकलाच मरतं.

तुकतुकीत
लिनक्समध्ये यूटीएफ-8 असल्याने असले प्रकार होत नाहीत.

अक्षरधन
मग कंट्रोल पॅनलमधून अकाउंटचं नाव इंग्रजी करून टाका, दोन मिनिटांचं काम.

ढेकूणशोध्या
नको! त्याने फक्त लॉगिनच्या पडद्यावर दिसणारं नाव बदलतं, युजर्समधलं फोल्डर आहे तेच राहतं. आणि ते फोल्डर हाताने रिनेम करायला तर अजिबात जाऊ नका, पुढच्या वेळी लॉगिनला डेस्कटॉप कोरा दिसेल आणि मग वेगळा धागा काढावा लागेल.

अक्षरधन
बरं मग सिस्टिम लोकेल मराठी करा, रीजनमध्ये, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅब. नॉन-युनिकोड प्रोग्रॅमसाठी तेच असतं.

ढेकूणशोध्या
मराठीला उपयोग नाही त्याचा. जपानी, रशियन वगैरेंना विंडोजमध्ये जुनी कोडपेज (युनिकोडच्या आधीचे अक्षरांचे तक्ते) आहेत, देवनागरीला अशी कोडपेज विंडोजने कधी दिलीच नाही, हिंदी-मराठी पहिल्यापासून युनिकोडच. तिथेच खाली यूटीएफ-8 वापरा असा बीटा लिहिलेला चौकोन आहे, त्याने कदाचित चालेलही, पण तो सगळ्या मशिनला लागू होतो आणि जुनी सॉफ्टवेअरं असतील तर त्यांच्यात भलतीच अक्षरं येऊ शकतात. शुक्रवार तोंडावर असताना ते प्रयोग नकोत.

ताई, हे करा. सी ड्राइव्हमध्ये टेम्प नावाचं फोल्डर करा, इंग्रजी अक्षरांत. स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट टाइप करा, "फॉर युअर अकाउंट" असं ज्यात आहे ते उघडा (दुसरं सिस्टिमचं आहे, त्याला हात लावू नका). वरच्या यादीत टेम्प आणि टीएमपी अशा दोन ओळी असतील, दोन्हींवर डबल क्लिक करून हा नवीन फोल्डरचा रस्ता द्या. साइन आउट, परत साइन इन. आणि पाठाची फाइल डेस्कटॉपवर असेल तर तीसुद्धा सी किंवा डीमध्ये इंग्रजी नावाच्या फोल्डरात आणा, कारण डेस्कटॉपही आईसाहेबांच्याच घरात येतो.

बुकमार्की
एवढं सगळं कशाला? पॉवरपॉइंटमध्ये स्वतःतच सोय आहे, 2010 पासून. आवाजावर क्लिक करा, प्लेबॅक, प्ले करून हव्या त्या जागी ॲड बुकमार्क. मग बाणाच्या ॲनिमेशनला ट्रिगर, ऑन बुकमार्क. आवाज तिथे पोचला की बाण येतो. ॲड-इनला पैसे देणं म्हणजे निव्वळ हौस.

ध्वनिमुद्रक
एका स्लाइडवर वीस बाण असले की बुकमार्क लावता लावता म्हातारे व्हाल. त्यापेक्षा ॲनिमेशन पेनमध्ये आवाज सगळ्यात वर, बाकी सगळ्यांना विथ प्रीव्हिअस आणि डिलेमध्ये सेकंद लिहायचे. सेकंद ऑडॅसिटीत बघून घ्यायचे. एकदा लिहिलं की परत बघावं लागत नाही.

बुकमार्की
आणि मधलं एक वाक्य परत रेकॉर्ड केलं की पुढचे सगळे डिले बदला.

ध्वनिमुद्रक
बुकमार्कही हलवावेच लागतात ना!

खडूफळा
आमच्या वेळी हृदय फळ्यावर रंगीत खडूने काढायचो आणि मुलं वहीत उतरवायची, कुठला क्रॅश नाही का काही नाही. आता मुलं बाण बघतात आणि विसरतात.

रक्तगट_ओ
फळ्यावर रक्त वाहताना दाखवता येत नाही हो, झडप उघडते बंद होते हे मुलांना चित्रात कधी कळत नाही. निलय आकुंचन पावल्यावर अलिंदात रक्त परत का जात नाही हा प्रश्न दरवर्षी अडतो, ॲनिमेशनने तो पटकन सुटतो.

जाईजुई
चाललं!!! टेम्पचं केलं, साइन आउट केलं, फाइल डीमध्ये टाकली. सिंकची खिडकी उघडली, आवाजाची लाट दिसली, एकेक बाण बोलण्याबरोबर टाकला, पहिली स्लाइड पूर्ण झाली. @ढेकूणशोध्या कुठे राहता, पुरणपोळी पाठवते.
फक्त त्यांचा प्रीव्ह्यू उघडत नाहीये, पांढरं दिसतं. आणि वेव्हची आता गरज आहे का, मोबाइलचीच फाइल परत लावू?

ढेकूणशोध्या
प्रीव्ह्यू बहुधा ॲपडेटामधून काहीतरी वाचत असेल, तो रस्ता आपण बदललेला नाही. शुक्रवारपर्यंत स्लाइड शो एफ5 ने बघून काम भागवा. नंतर निवांत मुलाला सांगा इंग्रजी नावाचं एक नवीन लोकल अकाउंट कर आणि फाइली तिकडे हलव, लॉगिनला दिसणारं नाव मग आईसाहेबच ठेवा हवं तर. वेव्ह राहू द्या आता, चालतंय त्याला छेडू नका. आणि ॲड-इनवाल्यांना सपोर्टमध्ये हे सगळं लिहून पाठवा, इव्हेंट व्ह्यूअरच्या फोटोसकट, तुम्ही पैसे दिलेत.

ध्वनिमुद्रक
वेव्ह राहू द्या म्हणजे माझंही बरोबरच होतं.

खट्याळ पेशवा
पन्नास टक्के.

परदेशी_पाटील
चांगला धागा. मला पण हेच करायचंय, इथे आमच्या मंडळाच्या गणपतीला लेझीमच्या तालावर फोटो आणायचेत, पण माझ्याकडे मॅक आहे. हाच ॲड-इन टाकू का?

ढेकूणशोध्या
मॅकवर कॉम ॲड-इन्स चालतच नाहीत. ध्वनिमुद्रकांची डिलेवाली पद्धत वापरा, तालाला तीच बरी. वेगळा धागा काढा, गाणं किती मिनिटांचं आहे आणि फोटो किती आहेत तेवढं लिहा.