ताटभर स्पॅगेटी: पाहुणचार की धंद्याची युक्ती?

हिल्सबरोकर

आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. गेल्या शनिवारी त्यांना ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला, नदीकाठच्या ओल्ड स्पॅगेटी फॅक्टरी या हॉटेलात नेलं. तेव्हापासून घरात जो वाद पेटलाय तो इथे टाकतोय, कारण घरात मी अल्पमतात आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ही साखळी मूळची पोर्टलंडचीच. गस डसिन यांनी १९६९ च्या जानेवारीत सुरू केली आणि अजूनही ती मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिमेकडेच आहे. आत जुन्या बाजाराचा थाट. रंगीत काचांचे दिवे, पितळी पलंगांच्या उशाकडच्या जाळ्या लावून केलेली बाकं, आणि जेवणाच्या दालनात चक्क एक ट्राम. ट्रामच्या आत टेबलं. बाबांना तिथेच बसायचं होतं, म्हणून वीस मिनिटं जास्त थांबलो.

आता मुद्दा. एक पास्ता मागवला की त्याच पैशांत आधी सूप नाहीतर सॅलड, गरम पाव आणि लसणाचं लोणी, मग पास्ता, आणि शेवटी स्पुमोनी, म्हणजे पिस्ता-चेरी-चॉकलेटचं तीन रंगी आइस्क्रीम. वेगळा हिशेब नाही. आईसाठी मिझिथ्रा मागवला. तांबूस होईपर्यंत कढवलेलं लोणी स्पॅगेटीवर ओततात आणि वर खारट ग्रीक चीजचा कीस. ताट समोर आलं तशी आई वाकली, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, ही तर बेरी!" लोणी कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी उरते ना, तीच. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा ती बाहेरचं काही मनापासून जेवली.

बाबा आधी म्हणाले, "एवढं एका माणसाला?" आणि मग सगळं संपवलं. ताटात टाकायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा.

माझं म्हणणं साधं आहे. पोटभर वाढणारं, एकाच किमतीत सगळं देणारं हॉटेल हे पाहुण्याला मान देणारं हॉटेल. मेन्यूतला प्रत्येक आकडा मनातल्या मनात रुपयांत करणाऱ्या माझ्या बाबांनी त्या दिवशी एकदाही "हे वेगळं लावतील का?" असं विचारलं नाही. बायकोचं आणि ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं, ढीगभर वाढणं ही निव्वळ युक्ती आहे. मंडळी, बोला.

तिखटमीठ

बायकोशी सहमत. पाहुणचार आणि ढीग यांत फरक आहे. आपल्या पंगतीत आग्रह असतो, जिलबीसाठी वाढपी मानगुटीवर बसतो, पण हात आडवा करायची सोय असते. ताटावर हात धरला की वाढपी पुढे सरकतो. इथे पानात काय आणि किती पडणार हे स्वयंपाकघरात आधीच ठरलेलं. तुमच्या बाबांना हात आडवा करायची संधी कुणी दिली? मग संस्कार म्हणून बिचाऱ्यांनी संपवलं. घरी गेल्यावर इनो लागला का ते तुम्ही लिहिलेलं नाहीत. :)

हिल्सबरोकर

इनो नाही, पण सोफ्यावर दोन तास आडवे होते. मान्य.

भांडीघासू

विद्यार्थी असताना दीड वर्ष एका इटालियन हॉटेलात मागच्या बाजूला काम केलंय (नाव सांगत नाही, ओरेगॉनमधलंही नाही). युक्ती म्हणायला ती काही गुपित नाही. सुका पास्ता ही स्वयंपाकघरातली सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक. भाडं, गॅस, आचारी, वाढणारा, भांडी घासणारा मी, हे सगळे खर्च ताटात ऐंशी ग्रॅम टाका नाहीतर दोनशे ग्रॅम, तेवढेच. शेवटची मूठ जवळपास फुकट पडते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत तीच भरते. मटण कुणी असं वाढतं का?

पण म्हणून लबाडी म्हणणार नाही. खानावळीत "भात-आमटी पाहिजे तेवढी, पोळ्या मोजून" असते तेव्हा आपण खानावळवाल्याला लबाड म्हणतो का? तोच हिशेब.

जाता जाता: टिप मिळते म्हणून किमान वेतनाहून कमी पगार द्यायचा, हा बाकी बऱ्याच राज्यांतला प्रकार ओरेगॉनमध्ये चालत नाही. तिथे वाढणाऱ्याला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. एवढं असूनही सूप ते आइस्क्रीम एका किमतीत बसवत असतील तर मी टोपी काढतो.

मिलानची मावशी

पंधरा वर्षं इटलीत आहे, त्यामुळे राहवत नाही. इथे घरी माणशी ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता मोजून पाण्यात टाकतात. सासूबाईंकडे त्यासाठी भोकं असलेली लाकडी पट्टी आहे. पास्ता हा पहिला पदार्थ, जेवण नव्हे. त्यानंतर मांस किंवा मासळी, मग भाजी. पास्त्याबरोबर लसूण-लोणी लावलेला पाव हा प्रकार मी इथे कधी पाहिला नाही. पाव असतो, पण शेवटी ताटातला सॉस पुसून घ्यायला. त्या पुसण्याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात आणि आपल्या लोकांना तो लगेच जमतो, कारण आमटी पुसून घेण्याचा सराव आपल्याला जन्मजात असतो. ढीगभर स्पॅगेटी ही अमेरिकन गोष्ट आहे, तिला इटालियन म्हणू नका, एवढंच सांगणं.

जुनी_वही

मावशी, सासूबाईंच्या पट्टीला नमस्कार, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. साधारण १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांच्या घरात इटालियन अमेरिकेत उतरले. बहुतेक दक्षिणेकडचे, सिसिली-नेपल्सच्या बाजूचे गरीब शेतकरी आणि मजूर. गावाकडे मांस सणावारी दिसायचं. इथे ते रोज परवडायला लागलं, आणि सणाचं ताट रोजचं झालं. मांसाचे गोळे घातलेली ताटभर स्पॅगेटी त्यातून आली. जो उपाशी राहिलेला असतो तो पहिल्या कमाईत पातेलं मोठं घेतो. हे अमेरिकन आहे हे खरं, पण ते इटालियनांनीच केलेलं आहे.

शिवाय धागाकर्त्याच्या हॉटेलाचा तर इटलीशी नातेसंबंध आणखी लांबचा. डसिन कुटुंब मूळचं ग्रीक. म्हणून तर मिझिथ्रा. त्यांच्या मेन्यूवर अशी दंतकथा छापलेली असायची, की प्राचीन ग्रीक कवी होमर महाकाव्य रचत होता तेव्हा याच पदार्थावर जगला. होमरच्या काळी स्पॅगेटी कुठून आली हे विचारायचं नसतं.

मिलानची मावशी

होमरचं ऐकून सासूबाईंना फीट येईल. इतिहासाचा मुद्दा मान्य.

साखरेचं_खाणार

आयडी गमतीचा आहे, साखर खरी आहे. आठ वर्षं गोळ्या चालू. तेव्हा जरा गंभीर.

पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. योगायोगाने पदार्थ पास्ताच होता, मॅकरोनी-चीज. त्याच लोकांना वेगवेगळ्या दिवशी ५०० पासून १००० ग्रॅमपर्यंत वाढून बघितलं. सगळ्यात मोठं ताट आलं तेव्हा लोकांनी सगळ्यात लहान ताटापेक्षा ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली. आणि गंमत पुढे आहे: जास्त खाल्लं म्हणून पोट जास्त भरल्याचं त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे किती खायचं हे पोटापेक्षा ताटाने ठरवलं. हिल्सबरोकर, तुमच्या बाबांचा 'कायदा' फक्त सांगलीत आहे असं समजू नका.

मला अशा ठिकाणी जायला आवडतं, नाही असं नाही. पण मी ताट आल्याआल्या डबा मागून घेतो आणि पहिला घास खायच्या आधी अर्धं त्यात भरतो. वाढणाऱ्या मुली बघतात. बघू देत.

तिखटमीठ

हे आवडलं. ताट आल्यावर डब्यात भरणं म्हणजेच हात आडवा करणं. पण मला सांगा, गिऱ्हाइकाला स्वतःचा हात आडवा करायला डबा मागावा लागतो, तर मग लहान ताट मेन्यूत सगळीकडे का नसतं?

भांडीघासू

कारण लहान ताटाचे पैसे अर्धे लावता येत नाहीत. वर लिहिलंय ना, खर्च ताटामागे आहे, ग्रॅममागे नाही. पाऊण किमतीत अर्धं ताट दिलं की हेच गिऱ्हाईक म्हणतं, लुटतात.

चार_पोरांची_आई

इथे सगळे सडेफटिंग आणि दोनच माणसांचं कुटुंब असलेले लोक बोलताहेत असं दिसतंय.

माझी दोन आणि बहिणीची दोन, सॉकरचा सामना संपल्यावर चौघांना कुठे नेऊ? मुलांना ट्राम हवी असते आणि मला बिल किती होणार हे आधी कळायला हवं असतं. चौघांचं जेवण, आइस्क्रीमसकट, एका आकड्यात. "आई, आइस्क्रीम घेऊ का?" या प्रश्नावर नाही म्हणायची वेळ येत नाही. हा मुद्दा कुणाच्या प्रयोगात मोजला जाणार नाही. उरलेलं घरी येतं, रविवारी दुपारी माझा स्वयंपाक टळतो. मिलानमध्ये पट्टीने मोजा, आनंद आहे.

खादाड_खाऊ

+१ ताई. 'एका आकड्यात' साठी आणखी +१. ओरेगॉनमध्ये विक्रीकरही नाही, म्हणजे मेन्यूवर दिसतं त्यात फक्त टिप मिळवायची. आमच्याकडे वॉशिंग्टन राज्यात तो आकडा बिलावर पोहोचेपर्यंत बाळसं धरतो.

अळणी

प्रश्न: कडक शाकाहारी लोकांना मिझिथ्रा चालतो का? आमच्या सासऱ्यांना नेण्याचा विचार आहे.

जुनी_वही

मिझिथ्रा मूळचा मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाच्या निवळीचा. पनीर केल्यावर जे पाणी आपण कणकेत घालतो, तसल्या पाण्यापासून. पण ती निवळी ज्या चीजची, ते चीज लावायला जनावराचं रेनेट (वासराच्या वगैरे पोटातून काढलेलं, दूध साकळवणारं विरजण) वापरलेलं असू शकतं. सासरे ते मानत असतील तर आधी तिथेच विचारा, किंवा सरळ टोमॅटोचा मरिनारा सॉस सांगा, आणि त्यातही काही घालतात का ते विचारून घ्या.

अळणी

सासरे मानतात. आणि मी शेळीचं दूध म्हटल्यावर घर सोडतील. धन्यवाद.

हिल्सबरोकर

बरंच मनावर घेतलंय. तिखटमीठ यांचा हात आडवा करण्याचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण तुझ्या आजीपुढे कुणाचा हात आडवा राहिलाय?" तेव्हा पंगतीची सोयही कागदावरचीच समजा.

डब्याबद्दल: ओरेगॉनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून फोमचे डबे बंद झाले, त्यामुळे उरलेलं आता फोमच्या डब्यात घरी येत नाही. आई मात्र पुढच्या वेळी पर्समध्ये स्टीलचा डबा नेणार आहे. कडीचा. माझं काही चालणार नाही.

आणि जे लिहायचं राहिलं ते आता लिहितो. आईचा अर्धा मिझिथ्रा आम्ही बांधून आणला होता. रविवारी सकाळी उठलो तर घरात मोहरी तडतडल्याचा वास. आईने ती स्पॅगेटी सुरीने बोटभर लांबीची कापली, तेलात मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, थोडा कांदा, आणि वर लिंबू. शेवयांचा उपमा म्हणून वाढला. चीज खारट असल्यामुळे मीठ घातलं नाही, हे तिने दोनदा सांगितलं. मी दुसऱ्यांदा घेतला. बायकोनेही घेतला, पण तिचं मत बदललेलं नाही.

मिलानची मावशी

स्पॅगेटी कापली?? सुरीने??

चार_पोरांची_आई

काकूंना साष्टांग नमस्कार. कढीपत्ता ताजा होता का? आमच्या इथल्या दुकानात महिनाभर आलेला नाही.

साखरेचं_खाणार

रात्रभर थंड झालेल्या पास्त्यातला काही स्टार्च पचायला अवघड होतो, म्हणजे माझ्यासारख्यांना जरा बरा. त्यामुळे उपम्याला वैद्यकीय पाठिंबा देतो. मर्यादित.

तिखटमीठ

ढिगाबद्दलचं मत कायम आहे. पण मला मूळ मुद्द्यावर विचारायचंय: लोणी कढवल्यावर बेरी तुमच्या घरात कुणाच्या वाटणीची असते? आमच्याकडे धाकट्याची, आणि पातेलं घासून द्यायचं या अटीवर.

हिल्सबरोकर

साखर घालून माझी. बहीण अजून हे मान्य करत नाही.

जुनी_वही

साखर?! गरम भातावर, मीठ घालून. यासाठी वेगळा धागा काढा.