भाचीला जेडीएम निघालंय, ताईच्या घराला नक्की काय मदत करू?

सोलापूरचा_मामा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा. माझी भाची सात वर्षांची, दुसरीत आहे. दिवाळीनंतर तिच्या पापण्यांवर जांभळट लाली आली, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे, घरच्यांना वाटलं अ‍ॅलर्जी असेल म्हणून मलम लावत बसले. मग पोरगी जिना चढेना. खाली बसली की उठताना आधी फरशीवर हात टेकवायची, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगाला धरत धरत उभी राहायची. शाळेत बाईंना वाटायचं नाटक करते. शेवटी इथल्या बालरोगतज्ज्ञांनी सीपीके म्हणजे स्नायूंची रक्ततपासणी करायला लावली, ती भलतीच वाढलेली निघाली, मग पुण्याला पाठवलं, तिथं मांड्यांचा एमआरआय वगैरे होऊन ज्युव्हेनाईल डर्मॅटोमायोसायटिस म्हणजे जेडीएम असं नाव निघालं. स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्नायूंवर आणि कातडीवर उलटते म्हणे. आता प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड रोज आणि मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी आठवड्यातून एकदा चालू आहे.

आजाराचं डॉक्टर बघतायत, माझा प्रश्न घराचा आहे. ताई विडी घरकुल वसाहतीत राहते, दाजी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, एक खाडा झाला की पगार कट. धाकटा तीन वर्षांचा, तो वेगळाच दंगा. मी फोन केला की म्हणतो काही लागलं तर सांग गं, ती म्हणते काही नको. परवा तर चिडलीच, म्हणाली अरे तू सारखं विचारू नकोस. आणि नातेवाईक काय एकेक पाठवतात, कोणी काढा, कोणी उतारा, एका काकांनी तर फेब्रुवारी २०२४ ची त्या दंगल सिनेमातल्या पोरीची, सुहानी भटनागरची बातमी पाठवली, १९ व्या वर्षी डर्मॅटोमायोसायटिसनं गेली ती. ते वाचल्यापासून ताई धड जेवत नाही. कोणाच्या घरात हा आजार असेल तर सांगा, आम्ही बाकीच्यांनी करायचं तरी काय?

जुळे_सोलापूरची_आई

दादा, माझ्या मुलाला हेच आहे, आता तो सातवीत आहे आणि सायकल चालवतो, हे आधी ताईंना सांगा. मग त्या बातमीचं. पूर्वी स्टिरॉईड नव्हते तेव्हा या आजारात साधारण तीनातलं एक मूल दगावायचं, आता औषधं वेळेत सुरू झाली की बहुतेक मुलं जगतात, बरीच जण पुढं औषधाविना राहतात, काहींना मात्र वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, कुणाचं कसं जाईल ते आधी सांगता येत नाही. आणि गुगल केलं की कॅन्सर कॅन्सर येतं ना, ते मोठ्या माणसांच्या डर्मॅटोमायोसायटिसचं आहे, लहान मुलांच्यात तसा संबंध सहसा नसतो. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, मी रात्र रात्र मोबाईल घेऊन बसायचे.

आता मदतीचं. "काही लागलं तर सांग" याला उत्तर द्यायला आधी काय लागतंय ते शोधावं लागतं, मग कोणाला सांगितलं तर तो नंतर बोलून दाखवणार नाही हे बघावं लागतं, तेवढं डोकं त्या दिवसांत चालत नाही हो. तुम्ही विचारूच नका, ठरवून सांगा. मेथोट्रेक्सेटचा वार कोणता आहे ते बघा. आमचा शनिवार होता, रात्री गोळी, रविवारी सकाळी मळमळ, पोरगं इतकं वैतागलेलं की पिवळी गोळी दिसली तरी ओकारी काढायचं. माझी जाऊ दर रविवारी सकाळी येऊन धाकटीला घेऊन जायची, फोन नाही विचारणं नाही, आली, चप्पल सुद्धा न काढता दारातून पोरगी उचलली आणि गेली. त्या बाईचे उपकार मी फेडू शकत नाही. तुमच्याकडे तीन वर्षांचा भाचा आहेच की, त्याला न्या, संभाजी तलावावर फिरवा, दुपारी जेवून आणून सोडा.

दुसरं, पुण्याच्या फेऱ्या. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं आणि संध्याकाळच्या हुतात्मानं यायचं, मधे ओपीडीत लाईन, रक्त, रिपोर्ट, एकटी बाई आणि चालता न येणारं मूल, कडेवर घेऊन घेऊन कंबर जाते. दाजींचा खाडा वाचवायचा तर एखाद्या फेरीला तुम्ही जा. तिकीट आधी काढून ठेवा आणि फाईल तुम्ही सांभाळा, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून त्यांचे फोटो मोबाईलमध्ये, चट्ट्यांचे पण फोटो दर महिन्याला त्याच उजेडात काढा, डॉक्टरांना लई उपयोग होतो.

आणि कृपा करून चेहऱ्यावर कोणी बोलू नका. स्टिरॉईडनं गाल फुगणार, भूक वाढणार, चिडचिड होणार. आमच्याकडे लग्नात एका मावशीनं गालगुच्चा घेऊन "अगं बाई केवढा गुबगुबीत झालास, आईनं काय खायला घातलं" म्हणून चारचौघांत हसवलं, त्यानंतर पोरगं कुठल्याच कार्यक्रमाला यायला तयार नव्हतं.

गुरुमाउली_७७

माझं ऐका, स्टिरॉईड म्हणजे विष आहे, हाडं पोकळ होतात. हळूहळू बंद करून गुळवेल आणि काढा सुरू करा, इम्युनिटी वाढली की आजार आपोआप पळतो. आमच्या ओळखीत एकाला फरक पडलाय.

औषधवाला_नवी_पेठ

माउली, हात जोडून सांगतो, हे असलं लिहू नका, कोणी खरंच करतं. या आजारात इम्युनिटी कमी नसते, तीच चुकीच्या जागी मारा करत असते, ती वाढवून काय करणार? आणि गुळवेलीनं काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय, इथं मेथोट्रेक्सेट आधीच लिव्हरवर लक्ष ठेवून द्यावं लागतं.

मामा, मी मेडिकल दुकान चालवतो, डॉक्टर नाही, पण या गोष्टी घरात प्रत्येकाला माहीत पाहिजेत. प्रेडनिसोलोन एकदम बंद करायचं नाही, कधीच नाही. महिनोन् महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉईड बनवणं कमी करतं, अचानक थांबवलं तर पोरगी गंभीर होऊ शकते, म्हणून उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली तर जिवावर बेतते, तसं घडतं म्हणूनच सांगतोय. आजी बघते, काका बघतात, आणि आज कोण देणार यात दोनदा दिली जाते. एकच माणूस देणार हे ठरवा आणि कॅलेंडरवर वाराला गोल करा. घरात कोणी गरोदर असेल तर तिनं त्या गोळ्या हाताळू नयेत. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात ते वेगळं, त्या दोन पाकिटांत गल्लत नको.

ताप आला, किंवा शेजारीपाजारी कुणाला कांजिण्या निघाल्या आणि पोरगी त्यांच्यात खेळलेली असेल, तर अंगावर काही दिसायची वाट बघू नका, लगेच कळवा. गोवर, कांजिण्या असल्या जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत, शाळेत लसीकरण आलं तर आधीच सांगून ठेवा. धाकट्याला पल्स पोलिओचे थेंब द्यायच्या आधी पण विचारा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

गुरुमाउली_७७

मी फक्त माझं मत सांगितलं. असो.

कागदपत्रं_काका

मामासाहेब, पैशाचं मी सांगतो, मी बरीच वर्षं लोकांच्या फायली फिरवल्यात. सगळ्यात आधी दाजींची पगाराची स्लिप बघा, ईएसआय म्हणजे कामगार विमा कापतात का. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआय लागू होतं, कामगाराचे फक्त पाऊण टक्का जातात, मालकाचे सव्वातीन टक्के, आणि त्यात बायकापोरांचा दवाखाना, ओपीडीतली औषधं सुद्धा येतात, मोठ्या दवाखान्यात पाठवायची सोय पण आहे, अटी असतात त्या विचारून घ्या. कापत नसतील आणि कापायला पाहिजे असेल तर तो वेगळा विषय आहे, पण दाजींना एकट्याला मालकाशी भांडायला लावू नका.

दुसरं, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं सोलापूर होतं, त्यामुळं इथले जुने लोक अजून जीवनदायीच म्हणतात. ती अ‍ॅडमिट झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांना आहे, रोजच्या गोळ्या आणि रेल्वेचं तिकीट त्यात बसत नाही, आणि अ‍ॅडमिट होण्याआधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या माणसाकडे जाऊन विचारा बसतं का. पुढे कधी आयव्हीआयजी म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीजची वेळ आली तर तो डोस वजनावर असतो, दर किलोला दोन ग्रॅम, २० किलोच्या पोरीला ४० ग्रॅम म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या, आणि एकदा देऊन भागेलच असं नाही. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ताच तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात, तिथं हाच दाखला आणि रेशनकार्ड मागतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला पण हेच.

दुर्मीळ आजारांचं २०२१ चं केंद्राचं धोरण आहे, त्याच्या बातम्या वाचून लोक आशेला लागतात. त्यातल्या यादीत मुख्यतः जनुकीय आजार आहेत, त्यावर विसंबून बसू नका. आजार दुर्मीळ असला म्हणजे त्या यादीत असतोच असं नाही.

शाळेतली_बाई

मी मनपा शाळेत आहे. "नाटक करते" वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगू का, वर्गात साठ पोरं असली की असं होतं. मामा, तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, आईला पाठवू नका, ती तिथं रडते आणि मुद्दे राहून जातात. वर्ग खालच्या मजल्यावर मागा. प्रार्थनेला आणि खिचडीला सगळी पोरं खाली पंगतीत बसतात, तिला खुर्ची द्या, पण एकटीला नको, एखादी मैत्रीण शेजारी बसवा, नाहीतर ती सगळ्यांच्या डोळ्यावर येते. उन्हातली पीटी आणि १५ ऑगस्टची रांग माफ. आणि हा आजार लागत नाही, हे बाईंनी स्वतः वर्गात सांगितलं पाहिजे, कारण चट्टे बघून डबा खायला कोणी शेजारी बसत नाही.

सोलापूरचा_मामा

सगळ्यांचे आभार, कोणाकोणाला लिहू. आज दाजींची स्लिप बघितली, ईएसआय कापतात आणि त्यांना कार्डाचं माहीतच नव्हतं! उद्या त्या ऑफिसला जातोय. मेथोट्रेक्सेटचा वार शुक्रवार आहे, शनिवारी मी दुकान पोराकडे देऊन धाकट्याला घेऊन येणार आहे, ताईला मेसेज टाकला फक्त, "शनिवारी दहाला येतो, आवरून ठेव त्याला." तिनं अंगठा पाठवलाय.

दोन शंका. जेवणाचं काय? आणि आपल्याकडचा मार्चपासूनचा उन्हाळा कसा काढायचा, डॉक्टर म्हणाले ऊन टाळा, सोलापुरात ऊन टाळायचं म्हणजे गाव सोडायचं की काय बे.

जुळे_सोलापूरची_आई

मीठ कमी, साखर कमी, दूध-दही-नाचणी, कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टर देतील तशा. भूक खूप लागते तेव्हा फरसाणाऐवजी काकडी, ताक पुढं ठेवायचं, आणि शेंगाचटणी आमच्याकडे बिनमिठाची वेगळी कुटायचे, त्यानं पण दोन दिवसांत नाक मुरडणं सोडलं. पण एक लक्षात ठेवा, घास गिळताना ठसका लागतो, पाणी नाकातून येतं, आवाज नाकातून येतो असं काही दिसलं तर घशाचे स्नायू पण धरलेत असं असू शकतं, ताबडतोब सांगायचं. तोपर्यंत कडक भाकरी बंद, मऊ खिचडीच.

ऊन म्हणजे नुसता त्रास नाही, उन्हानं चट्टे आणि आजार दोन्ही उसळतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मोठ्या काठाची टोपी, एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, ढग असले तरी. बाहेर जायचं ते सातच्या आत किंवा दिवेलागणीला, आमचं खेळणं सगळं गच्चीवर संध्याकाळी. ट्यूब महाग पडते आणि लवकर संपते, घरात ती वाचवून वाचवून लावतात. दर महिन्याला एक ट्यूब तुम्हीच आणून देत जा, मेडिकलमधून न विचारता.

औषधवाला_नवी_पेठ

आणि व्यायामाचं राहिलं. पूर्वी म्हणायचे झोपवून ठेवा, आता तसं नाही, फिजिओथेरपिस्टनं दाखवलेलं ताण देणं रोज करायचं नाहीतर सांधे आखडतात. ताई दमलेली असते, ती वीस मिनिटं मामानं घेतली तर पोरगी मामाशी कुरकुर पण कमी करेल. आधी फिजिओकडे एकदा सोबत जाऊन शिकून घ्या, यूट्यूबवरनं नको. कोपरा-गुडघ्याजवळ कातडीखाली कडक गाठ लागली तर दाबू नका, पुढच्या फेरीत दाखवा.