‘वू वेई’ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन: ‘ताओ ते चिंग’ हे जुनं चिनी पुस्तक ज्याच्या नावावर आहे त्या लाओत्सेवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. त्यातल्या ‘वू वेई’ला (शब्दशः ‘न करणे’, म्हणजे ओढूनताणून काही न करणे) ‘सहजकृती’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘अकर्म’ केलं. पटत नाहीये, पण भांडायला मुद्दा हवा.

गोमाजी: मुद्दा घ्या. अकर्म म्हटलं की वाचक थेट गीतेच्या चौथ्या अध्यायात. च्वांगत्से या दुसऱ्या ताओवादी विचारवंताच्या गोष्टीतला खाटीक आठवा. 19 वर्षं एकच सुरा, तरी पातं नुकतंच दगडावर लावल्यासारखं. कारण तो हाडावर घाव घालतच नाही, सांध्याच्या फटीतून पातं सरकवतो. अवघड जागा आली की हात सावकाश. ह्यात अकर्म कुठंय? कसब आहे नुसतं.

जुनी वही: तो च्वांगत्से झाला. लाओत्सेचं ‘वू वेई’ बऱ्याचदा राजाला उद्देशून आहे. ‘ताओ ते चिंग’चा साठावा अध्याय बघा : मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासळी शिजवणं. सारखी हलवली की भुगा. माझं मत ‘ढवळाढवळ न करणे’.

तेलोक आयरकर: पोथीतून बाहेर या जरा. इथे सिंगापूरला थियान हॉक केंग देवळात माझू या समुद्रदेवीपुढे उदबत्ती लावणाऱ्या आजींना ‘वू वेई’शी काय देणंघेणं? चिनीत विचारपरंपरेला ‘ताओच्या’ आणि पूजाअर्चेच्या धर्माला ‘ताओच्याओ’ असे वेगळे शब्द आहेत. आपण दोन्ही ‘ताओवादा’त कोंबतो.

गोमाजी: एवढी सरळ वाटणी नाही हो. इ.स. 142 मध्ये सिचुआनात चांग ताओलिंगने पंथ काढला, त्यात लाओत्से हाच देव आणि त्याचंच पुस्तक पाठाला!

खडूस: मुळात ‘ताओ’ तरी कशाला? ‘मार्ग’ म्हणा. सातव्या शतकात चिनी सम्राटाच्या हुकमावरून लाओत्सेच्या पुस्तकाचा संस्कृत अनुवाद करताना ताओपंथी विद्वान ‘ताओ’ला ‘बोधि’ म्हणा म्हणून अडून बसले होते, बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग ‘मार्ग’वरून हलला नाही.

शाईपेन: पण पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत ‘ताओ’ हाच शब्द ‘सांगणे’ म्हणूनही येतो. ‘मार्ग’ तिथे आडवा पडतो. आणि माझं ‘वू वेई’ राहिलंच.

तेलोक आयरकर: हल्ली सगळे ‘दाओ’ लिहितात, ते रोमन ‘डी’ बघून. चिनी उच्चार अघोष आहे, आपला ‘त’च जवळचा. खरं तर ‘ताव’ लिहावं.

जुनी वही: ‘ताववाद’? लोकांना वाटेल श्रीखंडपुरीवर ताव मारणाऱ्यांचा पंथ!

खडूस: कागदाचा ताव विसरलात वाटतं. ए-फोरवाल्यांना काय कळणार म्हणा.

गोमाजी: दस्त्यात ताव 24 ना? आमचा दुकानदार 25 म्हणतो.

जुनी वही: 24च. 25 हे रिमच्या 500 वरून आलंय.