आईची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेला ईसीजी) 'माइल्डली पॉझिटिव्ह' आली आहे, रिपोर्ट समजून घ्यायला मदत हवी आहे

नमस्कार. आईचं वय ५४, आम्ही परळला राहतो. तिला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. मधुमेह नाही. माझ्या मामाची पन्नाशीच्या आतच अँजिओप्लास्टी झाली, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी आईलाही एकदा टीएमटी करून घ्यायला सांगितलं. तिला तसा त्रास काही नाही. स्टेशनचा पूल घाईत चढली तर धाप लागते, पण छातीत दुखणं, जबडा किंवा हात भरून येणं असं कधीच झालेलं नाही.

रिपोर्ट काउंटरवर पाकिटात मिळाला, समजावून सांगायला कोणी नव्हतं. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. रिपोर्टात आहे ते असं : ब्रूस प्रोटोकॉल, ७ मिनिटं ३० सेकंद, पाय दमले म्हणून थांबवली. नाडी १५२ पर्यंत गेली (२२० वजा वय म्हणजे १६६, त्याच्या ९२ टक्के). बीपी १३०/८० वरून १७८/८८. मेट्स (श्रमाची पातळी) ८.८. छातीत दुखलं नाही. लीड टू, थ्री, एव्हीएफ आणि व्ही-५, व्ही-६ मध्ये १.२ मिमी अपस्लोपिंग एसटी डिप्रेशन, रिकव्हरीच्या पहिल्याच मिनिटात पूर्ववत. आणि खाली ठळक अक्षरांत : 'माइल्डली पॉझिटिव्ह फॉर इन्ड्युसिबल इस्किमिया'.

आईने फक्त ती शेवटची ओळ वाचली. तेव्हापासून तिने भाजी आणायला खाली जाणंही सोडलंय, रात्री उठून बसते. शेजारचे काका म्हणतात, सरळ अँजिओग्राफी करून मोकळे व्हा. मला घाईही करायची नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. हे 'माइल्डली' म्हणजे नक्की किती? बायकांमध्ये ही तपासणी चुकीची पॉझिटिव्ह येते असं ऐकलंय, ते खरं का? आणि गुरुवारी डॉक्टरांना काय विचारू?

प्रतिसाद :

ताई, मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही, आणि ईसीजीचे कागद मी पाहिलेले नाहीत. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

सर्वात आधी आईला हे वाचून दाखवा : टीएमटी पॉझिटिव्ह म्हणजे ब्लॉकेज सापडलं असं नाही. या तपासणीत रक्तवाहिनी दिसतच नाही. श्रम वाढल्यावर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का (रिपोर्टातला 'इस्किमिया' तो हाच), याचा ईसीजीच्या रेषेवरून बांधलेला तो अंदाज असतो.

आता आकडे. ब्रूस या ठरलेल्या पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात ताशी साधारण साडेपाच किलोमीटर वेग आणि १४ टक्के चढ असतो. आई त्या टप्प्यात दीड मिनिट चालली, ही चांगली गोष्ट आहे. लक्ष्य नाडी ८५ टक्के असते, ती ओलांडली, म्हणजे तपासणी अपुरी राहिलेली नाही. श्रमाबरोबर वरचा रक्तदाब वाढायलाच हवा, तसा तो वाढला. तो पडला असता तर मी तुम्हाला गुरुवारपर्यंत थांबायला सांगितलं नसतं.

खरा मुद्दा 'अपस्लोपिंग' या शब्दात आहे. एसटी म्हणजे ईसीजीतल्या उंच टोकानंतरचा भाग. ती रेषा १ मिमी किंवा जास्त खाली जाऊन आडवी राहिली किंवा आणखी उतरत गेली, तर तिला ठाम पॉझिटिव्ह धरतात. खाली जाऊन लगेच वर चढणारी रेषा त्या मानाने कमी विश्वासाची, नाडी वाढल्यावर निरोगी माणसातही दिसते. त्यात तुमच्या आईची रेषा मिनिटाभरात जागेवर आली. रेषा बराच वेळ खाली राहणं जास्त काळजीचं. बायकांबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, त्यांच्यात खोटी पॉझिटिव्ह पुरुषांपेक्षा जास्त येते. जुन्या रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झाली असेल तरीही एसटी फसवते, म्हणून २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर त्याबद्दल विचारा.

ड्यूक स्कोअर नावाचा एक हिशोब आहे : चाललेली मिनिटं, वजा एसटीच्या मिमीची ५ पट, वजा छातीतल्या दुखण्याचे गुण ४ पट. +५ किंवा वर म्हणजे धोका कमी, -११ किंवा खाली म्हणजे जास्त. तुमचा १.२ मिमी पूर्ण धरला तर ७.५ वजा ६, म्हणजे १.५, मधला गट. पण त्यात आडवी किंवा उतरती रेषाच मोजायची असते. डॉक्टरांनी ही रेषा खरोखर अपस्लोपिंगच ठरवली तर वजा करायला काही उरत नाही आणि आई कमी धोक्यात येते. म्हणून शेवटचं पान नव्हे, सगळे ईसीजीचे कागद घेऊन जा. थर्मल कागदावरची शाई उडते, आजच झेरॉक्स काढून ठेवा.

अशा रिपोर्टवर, त्रास नसताना, थेट नळी घालून करायच्या अँजिओग्राफीकडे मी जाणार नाही. स्ट्रेस इको (श्रमानंतरची सोनोग्राफी), स्ट्रेस थॅलियम (हृदयाला रक्त कुठे कमी पोचतं ते दाखवणारा स्कॅन) किंवा सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) यांपैकी आईला कोणती योग्य, हे विचारा. सीटीमध्ये डाय देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतात. मामाचा इतिहास न विसरता सांगा, आणि लिपिड प्रोफाइल सोबत न्या. रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह निघाला तरी कोलेस्टेरॉल आणि बीपीचं काम उरतंच.

धागाकर्ती :

मनापासून आभार. आईला दोनदा वाचून दाखवलं. 'रक्तवाहिनी दिसतच नाही' हे ऐकल्यावर पहिल्यांदा तिने स्वतः रिपोर्ट हातात घेतला. गुरुवारपर्यंत तिने चालावं का? आणि बीपीची गोळी बंद ठेवायची का, पुन्हा तपासणी झाली तर?

प्रतिसाद :

गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका. काही तपासण्यांपूर्वी काही औषधं थांबवतात, मुख्यतः नाडी मंद करणारी बीटा ब्लॉकर, पण ते डॉक्टर सांगतील तेव्हाच. घरातली कामं, भाजी आणणं, सपाट रस्त्यावर रोजच्या वेगाने चालणं चालू दे. पळापळ आणि जड ओझं गुरुवारपर्यंत नको. छातीत दाब, थंड घाम, बसल्या जागी धाप किंवा चक्कर आली तर वेळेची वाट न बघता १०८ला फोन करा किंवा जवळच्या इमर्जन्सीत जा. तुम्हाला केईएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे.