फिनलंड-जपानचे विद्यार्थी येताहेत : चार तासांत स्वयंपाक आणि भाषा कशी बसवावी? (नाशिक)

गंगापूररोडवाला

नमस्कार मंडळी. जानेवारीत आमच्या कॉलेजात पाहुणे विद्यार्थी येणार आहेत, फिनलंडचे आठ आणि जपानचे सहा. आपली मुलं दहा. हातात एक शनिवार आहे, सकाळी १० ते २. हॉलला लागून स्वयंपाकघर आहे : दोन शेगड्या मिळून चार बर्नर आणि ४० लिटरचा एक ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी. समितीचा कल स्वागतगीत, लेझीम आणि मिसळ असा आहे. पाहुण्यांनी मात्र कळवलंय की त्यांना आपापले पदार्थ करून दाखवायचेत आणि थोडं मराठी शिकायचंय. जपानी मुलांनी ओनिगिरी (आत सारण घालून वळलेला भाताचा त्रिकोण) सुचवली, फिन्निश मुलांनी कार्यालानपीराक्का, म्हणजे राय धान्याच्या पिठाच्या पारीत भात भरून भाजलेला प्रकार.

जपानी तांदूळ आणि राय पीठ इथे मिळेल, की मुंबईहून मागवू? आपल्यातले निम्मे शाकाहारी, दोघं जैन. आणि भाषेचा तास नेमका कसा घ्यायचा? सगळे इंग्रजीवर घसरणार, हे दिसतंच आहे.

घोटीकर

मुंबईहून तांदूळ मागवू नका. दोन्ही पदार्थ भाताचे आहेत आणि दोन्हींना आखूड, चिकट दाणा लागतो. घोटी-इगतपुरीचा इंद्रायणी दोन्हीकडे चालतो. बासमती घेतलात तर ओनिगिरी हातात सुटेल आणि फिन्निश खिरीत दाणा वेगळा राहील. मी तर म्हणेन तिसरं टेबल आपलं लावा : त्याच इंद्रायणीचा मऊ भात, मेतकूट आणि तूप. तांदूळ एक, टेबलं तीन. मिसळ दुसऱ्या दिवशी खाऊ दे त्यांना, तर्री वेगळ्या वाटीत देऊन.

ओनिगिरी : १५० ग्रॅम तांदळात साधारण तीन होतात. २४ जणांना एकेक म्हटलं तर १२०० ग्रॅम पुरे. पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत तांदूळ धुवा, अर्धा तास भिजवून निथळा. नवा इंद्रायणी असेल तर वाटीला सव्वा वाटी पाणी, जुना असेल तर दीड. आदल्या दिवशी एक वाटी शिजवून अंदाज घ्याच, कारण नवा-जुना हे दुकानदाराच्या शब्दावर ठरत नाही. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण. उकळी आली की मंद आचेवर १२ मिनिटं, मग गॅस बंद करून १५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. कुकरच्या शिट्ट्यांनी या तांदळाचा गोळा होतो.

भात हाताला सोसवेल इतका गरम असतानाच वळायचा. गार झाला की चिकटत नाही. तळवे पाण्याने ओले करून चिमूटभर मीठ चोळायचं, मध्ये सारण, तीन-चार वेळा फिरवत त्रिकोण. दाबून लाडू करायचा नाही, आत हवा राहिली पाहिजे. सारणात आपलं तेलातलं लोणचं अजिबात नको, तेल सुटलं की भात दुभंगतो. जपानी लोक उमेबोशी घालतात, ते खारट-आंबट फळ आहे. त्याच्या जागी मिठात मुरलेला आवळा बारीक चिरून चालतो. नोरी (समुद्री शेवाळाची वाळवलेली पातळ पट्टी) खायच्या क्षणी लावा, आधी लावली तर चामट होते. आणि तयार ओनिगिरी फ्रिजमध्ये ठेवू नका, भात कडक पडतो. दोन-तीन तासांत संपवायच्या.

कार्यालानपीराक्काची खीर (रीसिपूरो) : १८० ग्रॅम तांदूळ ३०० मिली पाण्यात पाणी आटेपर्यंत शिजवा, मग ७०० मिली दूध दोन-तीन हप्त्यांत, मंद आचेवर ४० मिनिटं. मीठ एक चमचा, शेवटी. दुधाला बूड लागतं म्हणून एकाने तिथेच उभं राहायचं. साखर-वेलची घालायला आपल्यातलं कुणीतरी पुढे येईलच, त्याला अडवा. खीर आदल्या रात्री करून पूर्ण गार आणि घट्ट हवी. गरम खीर भरली की पारी भिजून फाटते.

पारी : अस्सल पाककृतीत राय पीठ. ते इथल्या किराण्यात मिळत नाही. ऑनलाइन मागवाल तर नीट बघा, ‘राई’ शोधल्यावर मोहरी समोर येते. पर्याय म्हणून पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) घ्या, पण नुसती नको. नागलीत ग्लुटेन नाही, पातळ लाटली की कडा तडकतात. ८० ग्रॅम नागली, ८० ग्रॅम कणीक, एक चमचा मीठ, सुमारे १०० मिली गार पाणी. याच्या १६ पाऱ्या. फुलक्याहून पातळ, लांबट लाटा. मध्ये चमचाभर खीर, कडा आत दुमडून चिमटीने चुण्या घाला, मध्यभाग उघडा ठेवा. करंजीला मुरड घालणारी बोटं यात फिन्निश मुलांच्या पुढे जातील.

खरी मेख भट्टीत आहे. यांना २५० ते ३०० अंश लागतात. ओटीजी २५० वर ठेवून २० मिनिटं आधी तापवा, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, १२ ते १५ मिनिटं. तापमान कमी पडलं तर रंग यायच्या आत पारी वाळून वातड होते. बाहेर काढल्या काढल्या गरम दूध आणि लोणी एकत्र करून ब्रशने लावा आणि फडक्याखाली दहा मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी गाळली तर दात दुखतील. ४० लिटरमध्ये एका वेळी आठ बसतात, म्हणजे २४ जणांना एकेक धरून तीन घाणे (पारीचं माप दीडपट घ्या). भट्टी ११ ला तापायला ठेवा.

ही पाककृती युरोपीय संघाने २००३ साली पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदवलेली आहे. त्यामुळे नागलीच्या केल्यात तर फलकावर ‘नागलीची’ असं लिहा, पाहुण्यांना ते आवडेलही.

निरामिष

शाकाहाराचं सांगतो, कारण यात हमखास घोटाळा होतो. वरच्या पीराक्काच्या पारीत-खिरीत अंडं नाही. अंडं येतं ते वर लावायच्या मुनावोइत : तीन उकडलेली अंडी, १०० ग्रॅम लोणी, कुस्करून. ते वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चमच्याने. शाकाहारींना नुसतं लोणी पुरतं.

जपानी बाजूला धोका दिसत नाही तिथे असतो. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. मिसो सूपचं पाणी म्हणजे दाशी, आणि ती बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाची असते. पाकिटावर ‘मिसो’ एवढंच बघून घेऊ नका. दाशी आधीच मिसळलेली मिसोही विकतात. जपानी करीच्या तयार वड्यांत प्राण्यांची चरबी किंवा मांसाचा अर्क असू शकतो. सूप करायचंच असेल तर कोंबूचं (हे समुद्री शेवाळ) करा : एक लिटर पाण्यात १० ग्रॅम वाळलेलं कोंबू अर्धा तास भिजवा, मंद तापवा, उकळी फुटायच्या आत काढून घ्या. उकळलं की बुळबुळीत होतं आणि कडवटपणा उतरतो. मिसो गॅस बंद केल्यावर, २०० मिलीला एक मोठा चमचा, आणि पुन्हा उकळायचं नाही. मिरिन आणि साके यांत मद्य असतं, हेही पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. फिन्निश मुलं गोळ्या-चॉकलेटं आणतील, त्यात जिलेटिन (ते प्राण्यांपासून काढतात) असू शकतं. सालमिआक्की ही काळी गोळी अमोनियम क्लोराइडमुळे खारट-झणझणीत लागते. वाटायची तर अर्धीच द्या.

जैन मुलांना मिसो, यीस्ट अशा आंबवलेल्या गोष्टी चालतात का, हे त्यांनाच विचारा. घरोघरी वेगळं असतं.

गंगापूररोडवाला

घोटीकर, तीन टेबलांची कल्पना समितीच्या गळी उतरवतो. एक शंका : फिन्निश मुलांनी पुल्ला आणि सीमा अशी आणखी दोन नावं दिली आहेत. जमेल का?

घोटीकर

पुल्ला म्हणजे वेलचीचा पाव. चवीला आपल्या लोकांना लगेच पटेल, पण चार तासांत ओटीजी दोन्हींना पुरणार नाही. पुल्ला आदल्या दिवशी करा. २५० मिली कोमट दूध, ८ ग्रॅम कोरडं यीस्ट, ८५ ग्रॅम साखर, दीड चमचा जाडसर कुटलेली वेलची (पूड नको, वास उडतो), ४५० ते ५०० ग्रॅम मैदा, शेवटी ७५ ग्रॅम मऊ लोणी. लोणी आधी घातलं तर मैद्याला ताण येत नाही. लोणी खारवलेलं असेल तर वेगळं मीठ नको. नाशिकच्या जानेवारीत पीठ फुगायला तास-सव्वा तास धरा. २२५ अंशांवर १० ते १२ मिनिटं.

सीमा सोडा. साखर, लिंबू आणि यीस्टचं ते पेय आहे, तळाचे मनुके वर तरंगले की तयार झालं समजतात. मनुके आपल्याकडे रगड, पण त्यात थोडं मद्य होतंच, आणि बाटली घट्ट लावून उबेत ठेवली तर फुटते. शिवाय ते १ मेच्या वाप्पु सणाचं पेय आहे. महाराष्ट्र दिनाला करा हवं तर, कॉलेजबाहेर.

ळ_चा_पाईक

भाषेकडे वळू. वर्ग भरवू नका, टेबलांवरच घ्या. तिघांचे गट पाडा, एक मराठी, एक फिन्निश, एक जपानी (सहा जपानी म्हणजे सहा गट, उरलेले दोन-दोन करून जोडा). पहिली १५ मिनिटं मराठी मूल शिकवेल, दोघं शिकतील. मग फिन्निश, मग जपानी. घड्याळ लावा. इंग्रजीवर बंदी घालून उपयोग नसतो, पण शेवटची पाच मिनिटं इंग्रजी बंद ठेवली की हातवारे आणि वस्तू कामाला लागतात. चुका तीनच सुधारायच्या. प्रत्येक वाक्याला थांबवलं तर जपानी मुलं गप्प होतात.

सुरुवात एका प्रश्नाने करा : ‘हे काय आहे?’ फिन्निशमध्ये ‘मिकॅ तॅमॅ ओन?’, जपानीत ‘कोरे वा नान देस का?’ टेबलावर तांदूळ, मीठ, वाटी, लाटणं आहेच.

मराठी मुलांना सोपं जाईल ते : जपानीत क्रियापद शेवटी, शब्दयोगी नामानंतर, आणि हो-नाहीच्या प्रश्नाला शेवटी ‘का’. ‘येता का?’ आणि ‘किमास का?’ शेजारी लिहून दाखवा. हिरागाना या जपानी लिपीचा तक्ताही अ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना असा चालतो, कारण तो क्रम संस्कृतच्या अभ्यासातून तिकडे गेला. फिन्निशमध्ये १५ विभक्त्या ऐकून घाबरू नका. तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ याची बांधणीही तशीच : ‘मिनुल्ला ओन किर्या’. तो आणि ती दोघांना एकच ‘हॅन’, त्यामुळे ‘आला-आली-आलं’ इथे दोन्ही पाहुणे अडखळणार. पहिल्या दिवशी लिंग सुधारत बसू नका.

उच्चारात लांबी सांभाळा. फिन्निश तुलि आग, तूलि वारा, तुल्लि जकात. जपानी किते म्हणजे ‘ये’, कित्ते म्हणजे टपाल तिकीट. देवनागरीत हे सगळं नीट लिहिता येतं, रोमन लिपीपेक्षा तीच वापरा. उलट बाजूने, महाप्राण दोन्हीकडे नाहीत, म्हणून ‘कार’ आणि ‘खार’ त्यांना सारखेच ऐकू येतील. ‘चमचा’तला च जपानी मुलांना सहज जमतो, त्यांच्याकडे ‘त्सु’ आहे. ‘ळ’ दोघांनाही जड. केळं, डाळ, गूळ हातात देऊन म्हणवून घ्या.

छातीवरच्या पट्टीवर नाव देवनागरीत आणि त्यांच्या लिपीत लिहा. जपानी मुलांना आडनावानंतर ‘सान’ लावा, स्वतःच्या नावानंतर कधीच नाही. फिन्निश मुलं शिक्षकांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, तेव्हा सरांना आधी कल्पना द्या.

पंगतवाली

पंगतीबद्दल थोडं. आग्रह आवरा! फिन्निश मूल ‘नको’ म्हणालं की ते नकोच असतं, आणि वाढलेलं संपवायचं अशी शाळेपासूनची सवय. तिथे १९४८ पासून शाळेत मोफत जेवण आहे आणि ताट स्वतः वाढून घेतात. जपानी मूल संकोचाने पहिल्यांदा नाही म्हणू शकतं, त्याला एकदा पुन्हा विचारावं. सोपा तोडगा म्हणजे वाढपी ठेवूच नका, भांडी टेबलावर मांडा.

चॉपस्टिक भातात उभी खोचायची नाही आणि एका चॉपस्टिकमधून दुसऱ्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, दोन्ही अंत्यसंस्काराशी जोडलेलं आहे. जेवणाआधी ‘इतादाकिमास’, नंतर ‘गोचिसोऽसामा’. फिन्निश मुलं नंतर ‘कीतोस रुओआस्ता’ म्हणतात. आपण ‘अन्नदाता सुखी भव’ शिकवायचं. तिन्ही एका फलकावर लावा.

बोलताना : जपानी मूल ऐकताना सारखं ‘हाइ’, ‘सोऽ देस ने’ म्हणेल, त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ असा, होकार नव्हे. फिन्निश मूल उत्तराआधी थांबेल. ती फट आपण भरायला धावतो, तेवढं टाळायचं. श्वास आत घेत ‘यो’ म्हणालं तर दचकू नका, तो होकार आहे.

दारात चपलांचा रॅक ठेवा, तिन्ही देशांची घरात सवय तीच. आणि पत्रिकेत १० लिहिलंत तर दोघेही १० ला हजर असतील, तेव्हा आपल्या मुलांना साडेनऊ सांगा.